पॅड, ब्रेक ऑइल आणि उष्णतेशी सव्वाशे वर्षांची झटापट

खारघरच्या भाच्याने दिवाळीच्या सुमारास सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस घेतली. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० हॉर्सपॉवर. महिन्याभरात त्याची यादी तयार झाली: मोठ्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या), त्यांवर पॅड दाबणारे सहा पिस्टनचे लाल कॅलिपर, ब्रेक ऑइलचे स्टीलची वेणी घातलेले होज. बेरीज माझ्या पहिल्या गाडीच्या किमतीच्या वर गेली होती. मी म्हटलं, आधी ठाण्याला ये, वागळे इस्टेटमध्ये आपल्या माणसाकडून ऑइल बघून घेऊ.

"मामा, ऑइल परवाच बदललंय."

"ते इंजिनचं. ब्रेक ऑइल कधी बदललं?"

तो गप्प. मेकॅनिकने टाकीचं झाकण फिरवून काढलं आणि ऑइलमधलं पाणी ओळखणारा, जाड पेनासारखा टेस्टर आत बुडवला. हिरवा नाही, पिवळा नाही, थेट लाल दिवा. टाकीतलं ऑइल कटिंग चहाच्या रंगावर गेलं होतं. नवं असताना ते फिक्या मधासारखं असतं. आधीच्या मालकाने गाडी काचेसारखी पुसून ठेवली होती, पण या टाकीकडे बहुधा तो कधी वळलाच नव्हता.

लाल कॅलिपरवर जीव आणि चहाच्या रंगाच्या ऑइलकडे पाठ, हे फक्त भाच्याचं नाही. ब्रेक म्हणजे चाक धरून ठेवणारी वस्तू, असं आपण समजतो. खरं तर ब्रेक वेगाची उष्णता करून ती हवेत सोडतो. चाकाला घासणारा पॅड आणि पायाचा जोर त्याच्यापर्यंत पोचवणारं ऑइल या दोन गोष्टी कशा बदलत गेल्या, ते या उष्णतेच्या हिशेबानेच समजतं.

सुरुवात चामड्यापासून. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, मानहाइमहून फॉर्त्झहाइमला मोटारीने गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. गाडीचे ब्रेक म्हणजे चाकावर दाबले जाणारे लाकडी ठोकळे, आपल्याकडच्या बैलगाडीत लोखंडी धावेवर लाकूड दाबतात तसेच. उतारांवर ते झिजले, तेव्हा तिने वाटेतल्या चांभाराकडून ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनिंग म्हणून हीच गोष्ट सांगतात. पुढे इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूडने घोडागाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्यावर जुने बूट ठोकतात हे पाहिलं आणि १८९७ साली त्याचाच धंदा उभा केला. फेरोडो हे नाव त्याच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून आणि बायकोच्या नावातला 'ई' घालून केलेलं. आपल्याकडचे जुने मेकॅनिक आजही पॅडला सर्रास 'लायनर' म्हणतात. शब्द त्या काळातलाच.

कापूस आणि केस विणून केलेली लायनिंग तापली की जळायची. मग १९०८च्या सुमारास फ्रूडने ॲस्बेस्टॉस आणलं. न जळणारं, स्वस्त, विणता येणारं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरातल्या गाड्या त्यावर थांबल्या. किंमत मोजली ती कारखान्यांतल्या आणि गॅरेजमधल्या माणसांच्या फुप्फुसांनी. ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा, उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारून आतली काळी धूळ उडवायची, हे मी ठाण्यातल्या गॅरेजांमध्ये लहानपणी कितीदा पाहिलंय. तोंडावर रुमालसुद्धा नसे. ब्रिटनने ॲस्बेस्टॉसच्या शेवटच्या प्रकारावर बंदी घातली १९९९मध्ये. अमेरिकेने तर त्याच प्रकाराला थेट २०२४मध्ये हात घातला. ॲस्बेस्टॉस मागे हटू लागल्यावर त्याच्या जागी आले पोलादाचे तंतू असलेले सेमी-मेटॅलिक पॅड, मग सेंद्रिय मिश्रणाचे आणि सिरॅमिक.

इकडे ऑइलचा धागा वेगळाच चालला होता. आधी ब्रेक सळया आणि केबलनी ओढायचे. चारही चाकांना सारखा जोर पोचवणं म्हणजे रोजची कटकट. १९१०च्या दशकाच्या अखेरीस माल्कम लॉकहीडने नळीतून द्रव दाबून जोर पोचवण्याची युक्ती पुढे आणली. १९२१च्या ड्यूझेनबर्गला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक आले, १९२४मध्ये क्रायस्लरनेही ते घेतले. फोर्ड मात्र १९३९पर्यंत केबल-सळयांना चिकटून राहिली. त्या पहिल्या नळ्यांत असायचं एरंडेल आणि अल्कोहोल. एरंडेल रबरी सीलना मानवायचं म्हणून, अल्कोहोल ते पातळ राहावं म्हणून. आज आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो त्यात तेल नसतंच, ती ग्लायकॉल इथर जातीची रसायनं. तिथे चुकून इंजिन ऑइल ओतलं, तर रबरं फुगून बसतात.

द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. सगळी गोम इथे आहे. नळीतल्या द्रवाला उकळी फुटली, की पायाचा जोर त्या बुडबुड्यांना चेपण्यातच जातो आणि पेडल फळीपर्यंत खाली.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी पाहिलंय. ऐंशीच्या दशकात वडिलांकडे फियाट होती, चारही चाकांना ड्रम. पुण्याहून परतताना खंडाळ्याचा घाट उतरत होतो, एक्सप्रेसवे नव्हताच तेव्हा. पाचजण, टपावर कॅरिअर. एका वळणानंतर वडिलांनी पेडल दाबलं आणि ते नुसतंच खाली गेलं. त्यांनी दोन-तीनदा पंप केलं, दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि हँडब्रेक ओढत शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी डोंगराच्या बाजूला लावली. चाकांमधून जळक्या रबरासारखा वास येत होता. आईने शिंग्रोबाला नाणं टाकलं. हाच तो धनगर, ज्याने साहेबाला घाटाची वाट दाखवली असं सांगतात. आम्ही अर्धा-पाऊण तास बसलो. नंतर पेडल परत कडक झालं, जणू काही झालंच नव्हतं. वडील म्हणाले, देवाने सांभाळलं. सांभाळलं असेल, पण नळीतली वाफ निवून पुन्हा द्रव झाली होती, एवढंही खरं.

लोणावळा खोपोलीपेक्षा साधारण ५५० मीटर उंच. दीड टनाची गाडी ही उंची उतरते तेव्हा जवळपास ८० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पंचवीस लिटर गार पाण्याला आधण येईल एवढी. ताशी १०० किलोमीटर वेगातली तीच गाडी एकदा थांबवायला सहा लाखही लागत नाहीत. म्हणजे घाट म्हणजे ओळीने तेरा-चौदा इमर्जन्सी ब्रेक. इंजिन आणि हवा काही भाग घेतात, बाकी सगळं चार चाकांतल्या लोखंडावर. गिअरमध्ये उतरा, हा म्हाताऱ्या ड्रायव्हरांचा धोशा त्यासाठीच.

ड्रमची आणखी एक खोड. तापला की ड्रम फुगून शूपासून, म्हणजे त्याला आतून दाबणाऱ्या लायनिंगच्या कमानीपासून, लांब जातो, उष्णता आत कोंडते. डिस्क उघड्यावर असते आणि तापून जाड झाली तर पॅडकडेच सरकते. कल्पना जुनी, फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२मध्येच पेटंट घेतलं होतं, पण तांब्याचे पॅड इतके किंचाळायचे की ती तिथेच राहिली. १९५३च्या ल मान्सच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप चोवीस तासांत ताशी १०० मैलांहून जास्त सरासरीने जिंकली. समोरच्या गाड्या ब्रेक निवावेत म्हणून लवकर वेग कमी करत, जॅग्वार वळणाच्या तोंडापर्यंत जात असे. दोनच वर्षांत सिट्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांना डिस्क आल्या आणि शर्यतीतली गोष्ट घराघरांत पोचली. आपल्याकडे पद्मिनी आणि अॅम्बेसेडर मात्र पुढेही कितीतरी वर्षं ड्रमवरच.

पण डिस्कने एक त्रास वाढवला. पॅडच्या पाठीला पिस्टन आणि पिस्टनच्या पाठीला थेट द्रव. लोखंड उघड्यावर आल्याने ब्रेक निवू लागले, त्याच वेळी उष्णतेची वाट ऑइलपर्यंत आखूड झाली. डब्यांवरचे आकडे इथे महत्त्वाचे होतात.

डॉट म्हणजे अमेरिकेचं परिवहन खातं, १९६७पासून कामाला लागलेलं. त्याच्या नियमात प्रत्येक प्रतीला दोन उत्कलनबिंदू आहेत, कोरडा आणि ओला. ओला म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतरचा. डॉट ३ला किमान २०५ आणि १४० अंश सेल्सिअस, डॉट ४ला २३० आणि १५५, डॉट ५.१ला २६० आणि १८०. मधला डॉट ५ हा सिलिकॉनचा, जांभळा, बाकीच्यांत मिसळायचा नाही. तो आकडा आधीच दिलेला, म्हणून नव्या ग्लायकॉलवाल्याला ५.१ असं घरपत्त्यासारखं नाव मिळालं. ५.१ मागितल्यावर दुकानदाराने ५ काढून दिलं तर डबा परत द्यावा.

ग्लायकॉल हवेतला ओलावा ओढतो, रबरी होजमधूनही. त्याला हवा दमट लागते आणि ठाणे-नवी मुंबईइतकी दमट हवा त्याला दुसरीकडे शोधायला नको. पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्कवर केशरी गंज धरतो आणि सकाळचा पहिला ब्रेक खर्र करतो, ते डोळ्यांना दिसतं. टाकीतलं दिसत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि बहुतेक जण ते फक्त पेडल मऊ झालं की वाचतात.

शर्यतीची ऑइलं याहून पुढे जातात. बाजारात मिळणाऱ्या काहींचा कोरडा बिंदू ३१० अंशांच्या वर आणि ओला २०० अंशांपुढे असतो. पण नव्या गाड्यांत एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएसपीचे (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) पंप बारीक भोकांतून ऑइल ढकलत असतात, त्यांना पातळ द्रव लागतो. जाड रेसिंग ऑइल ओतलं तर उकळणार नाही, पण पंप सुस्तावेल. त्यामुळे कंपनीने डॉट ४ एलव्ही, म्हणजे पातळ डॉट ४, सांगितलं असेल तर त्याच वर्गातलं चांगलं घ्यायचं, आणि दोनऐवजी वर्षाने बदलायचं. माझ्या मते रोज पाम बीचने ऑफिसला आणि महिन्यातून एकदा माळशेजला जाणाऱ्या माणसाला एवढं पुष्कळ झालं.

पॅडच्या कडेवर बघा, बारीक ठशात दोन इंग्रजी अक्षरं असतात: एफएफ, जीजी, कधी एफई. पहिलं अक्षर साधारण तापमानाला घर्षण किती हे सांगतं, दुसरं तापल्यावर किती राहतं ते. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वरचा टप्पा. एफई म्हणजे गार असताना बरा, तापला की ढिला. घाटात नेमका नको तेव्हा. उलट खरे रेसिंग पॅड काहीशे अंश तापल्याशिवाय चावतच नाहीत. घोडबंदर रोडवर सकाळी पहिल्याच सिग्नलला अशी गाडी पुढच्या रिक्षाच्या अंगावर जाईल. वर किंचाळतील, डिस्क खातील आणि अलॉय व्हील काळी करतील ती वेगळी. मधले 'फास्ट रोड' जातीचे पॅड यासाठीच निघाले.

भाच्याला मेकॅनिकने हे सगळं सांगितलं नाही. एफएफ ठशाचे पॅड, एक लिटर डॉट ४ एलव्ही, एवढंच लिहून दिलं. मग गाडी जॅकवर. सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून, पेडलचा जोर द्रवाला देणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब ते. कॅलिपरवरच्या ऑइल सोडायच्या निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक पाण्याच्या जुन्या बाटलीत. भाचा सीटवर.

"दाब... धर... सोड. दाब... धर."

नळीतून आधी चहा आला, मग मधे एक-दोन बुडबुडे, मग मध. चारही चाकांना अर्धा-पाऊण तास गेला. शेवटी भाच्याने पेडल दाबलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते अर्ध्यातच घट्ट थांबलं होतं.

"आणि लाल कॅलिपर?" त्याने तरी विचारलंच.

"रंग मारून देतो की," मेकॅनिक म्हणाला.

पुढच्या रविवारी गाडी दारात उभी राहिली, तेव्हा कॅलिपर लाल होते.