मेंदूतली नस फुटली तर: उपचाराच्या मदतीचे अर्ज कुठे करायचे आणि ते कुठे अडतात

आमच्या रुग्णसाहाय्य संस्थेत मेंदूच्या ॲन्युरिझमसाठी येणारे फोन बहुतेक वेळा असे सुरू होतात: "ऑपरेशन झालं, दागिने मोडून बिल भरलं, आता मुख्यमंत्री निधीतून काही परत मिळेल का?" मिळत नाही. भरलेलं बिल त्या निधीतून परत मिळत नाही, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतूनही नाही. हे सांगताना दर वेळी जिवावर येतं. समोरचा माणूस पात्र असतो, कागदही त्याच्या घरात असतात, फक्त तो आठ दिवस उशिरा आलेला असतो. म्हणून महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण अर्जातली निम्मी गडबड आजार न कळल्यामुळे होते. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी, बहुधा तिला फाटा फुटतो तिथे, कमकुवत होऊन फुगते. हा फुगा म्हणजेच ॲन्युरिझम. प्रौढांपैकी साधारण ३ टक्के लोकांमध्ये असा फुगा असतो आणि बहुतेकांचा तो कधीच फुटत नाही. फुटला तर मेंदूभोवती रक्त पसरतं. "आयुष्यात असं डोकं कधी दुखलं नव्हतं," असं रुग्ण सांगतो. काही सेकंदांत टोकाला जाणारी डोकेदुखी, उलटी, मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, कधी एकदम शुद्ध हरपणं. पित्त झालं असेल, बीपी वाढलं असेल म्हणून घरी थांबू नका. १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅन होतं अशाच रुग्णालयात न्या. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त असतो.

उपचाराचे मुख्य मार्ग दोन. कवटी उघडून फुग्याच्या मानेवर क्लिप लावणं, किंवा मांडीतल्या अथवा मनगटातल्या धमनीतून नळी वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या बारीक तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, भरणं. पण ऑपरेशन झालं म्हणजे संपलं असं नसतं. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान मेंदूतल्या धमन्या आकसण्याचा धोका असतो, त्यासाठी निमोडिपीन हे औषध सहसा २१ दिवस देतात. आयसीयूतला मुक्काम दोन आठवड्यांचा धरूनच चाला. अंदाजपत्रकापाशी याचा पुन्हा संबंध येणार आहे.

आधी कुठे जायचं

पहिलं दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. ती आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. पिवळं, केसरी आणि आता पांढरं रेशनकार्ड असलेली कुटुंबंही तिच्यात येतात. "आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला काय मिळणार" असं गृहीत धरून बसू नका. हा गैरसमज अजून गावोगाव आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णाला मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचा, कक्ष असतो. रुग्ण आत नेल्याबरोबर घरातल्या एकाने तिथे जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: "मेंदूच्या ॲन्युरिझमचं क्लिपिंग किंवा कॉइलिंग या रुग्णालयाला योजनेत मंजूर आहे का?" रुग्णालय योजनेत असलं म्हणजे त्याची न्यूरोसर्जरी योजनेत असतेच असं नाही. इथे फार लोक फसतात. टोल-फ्री क्रमांक १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० आहेत. रुग्णवाहिकेत बसल्या बसल्या फोन करून जवळचं रुग्णालय विचारता येतं.

तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून सूचना देऊन उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहे, कागद मागाहून देता येतात. मात्र ती मुदत थोड्या दिवसांची असते. "नंतर आणून द्या" हे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. कुठल्या तारखेला, किती वाजेपर्यंत, ते कागदावर लिहून घ्या. मुदत भरतीपासून मोजतात. ऑपरेशनच्या दिवसापासून मोजून चुकलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसरं दार धर्मादाय रुग्णालयांचं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेली योजना यांनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. निर्धनासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आहे, दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार. नाव मोठं आहे, इमारत काचेची आहे, म्हणजे ते धर्मादाय नसेल असं समजू नका. राज्यातली कित्येक मोठी खासगी वाटणारी रुग्णालयं सार्वजनिक ट्रस्टची आहेत.

या योजनेतली सर्वांत महत्त्वाची ओळ कुणी सांगत नाही. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णाला लगेच दाखल करून स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे असतात, आणि दाखल करताना डिपॉझिट मागायचं नसतं. काउंटरवर लाखाचा आकडा ऐकून लोक दुसऱ्या रुग्णालयाकडे धावतात आणि त्या धावपळीत पहिले २४ तास जातात. तिथे थांबा, "धर्मादाय योजनेतून भरती हवी" असं म्हणा आणि वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं आहे असं सांगा. ते रजेवर आहेत असं उत्तर आलं तर अर्ज साध्या कागदावर लिहून आवक शिक्का घ्या, प्रतीवर वेळ टाका. पुढे सहायक किंवा सह धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करायची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो.

दुर्बल घटकात बसणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. औषधं, वापराचं साहित्य आणि शरीरात बसवायच्या वस्तू यांच्या खरेदी किमतीच्या निदान निम्मी रक्कम त्यांना भरावी लागते. कॉइलिंगमध्ये सगळ्यात महाग वस्तू कॉइलच असतात, त्यामुळे 'सवलतीचं' बिलही मोठं येतं. निर्धन गटात बसत असाल तर त्याच गटाचा आग्रह धरा.

तिसरं दार मुख्यमंत्री सहायता निधीचं. मेंदूचे आजार त्याच्या यादीत आहेत. पण हा निधी आधीची दोन दारं बंद असतील तर, आणि संपूर्ण खर्चासाठी नव्हे, हातभारासाठी आहे. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, आणि रुग्णालय निधीच्या यादीवर नोंदवलेलं असावं लागतं. उत्पन्नाची मर्यादा इथे १ लाख ६० हजार आहे. १ लाख ७० हजारांचा दाखला धर्मादायला चालतो, इथे चालत नाही. एकाच दाखल्यावर एकीकडे होकार आणि दुसरीकडे नकार आला की लोकांना वाटतं कुणीतरी मुद्दाम अडवतंय. मर्यादाच वेगळ्या आहेत, आणि त्या एक करायला शासनाला काय अडचण आहे हे मला आजवर कळलेलं नाही.

मंत्रालयापर्यंत जायची गरज नाही, अर्ज ईमेलने जातो आणि जिल्हाधिकारी कार्यालयांतही कक्ष सुरू झाले आहेत.

उत्पन्नाचा दाखला

सगळं इथेच अडतं. दाखला तहसीलदारांचा लागतो. सरपंचाचा, नगरसेवकाचा किंवा नुसता तलाठ्याचा चालत नाही. सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करायचा, तलाठ्याचा अहवाल जोडायचा आणि मग वाट पाहायची. रुग्ण आयसीयूत आणि दाखला तलाठी कार्यालयाच्या टेबलावर, हे चित्र मला इतक्या वेळा दिसलं आहे की आता पहिल्याच फोनवर मी एवढंच सांगते: रुग्णालयात दोन माणसं पुरेत, तिसऱ्याला आत्ताच्या आत्ता गावाला पाठवा. सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि भरतीचा कागद त्याच्यासोबत द्या. हे कागद बघून तहसील कार्यालयातून त्याच दिवशी दाखला मिळालेला मी पाहिला आहे. विनंती लेखी करा, त्यात 'रुग्ण अतिदक्षता विभागात' हे शब्द लिहा.

दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलमध्ये निरुपयोगी होतो. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी गेल्या वर्षी काढलेला दाखला लोक मोठ्या विश्वासाने पुढे करतात आणि अर्ज परत येतो. दाखला हातात पडला की आधी तळाची तारीख वाचा, मग आकडा वाचा.

धर्मादाय योजनेत समाजसेवा अधीक्षक रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेखालचं कार्ड पाहूनही आर्थिक स्थिती ठरवू शकतात. "तहसीलदारांचाच दाखला आणा, तोवर काही नाही" असं सांगितलं जातं तेव्हा नम्रपणे ही तरतूद दाखवा.

नाव, ओटीपी आणि सही

ॲन्युरिझम बायकांमध्ये अधिक आढळतो, आणि आपल्याकडे बाईचं नाव प्रत्येक कागदावर वेगळं असतं. आधारवर सासरचं, रेशनकार्डावर घरात हाक मारायचं, बँकेत माहेरचं. संगणक या तिघींना एक मानत नाही. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर सोबत ठेवा, नसेल तर एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र भरतीच्या पहिल्या दोन दिवसांतच करून घ्या.

आधारचा ओटीपी रुग्णाच्या मोबाइलवर येतो. तो मोबाइल घरी राहिलेला असतो, किंवा लॉक असतो, किंवा आधारला जुनाच नंबर जोडलेला असतो. फोन आणि चार्जर रुग्णालयात आणा. ओटीपी मिळतच नसेल तर बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने पडताळणीचा पर्याय आरोग्यमित्राला विचारा. बेशुद्ध रुग्णाची सही कुणी नातेवाइकाने त्याच्या नावाने करू नये. 'रुग्णाच्या वतीने' असं लिहून, नातं लिहून, स्वतःची सही करावी. भाबडेपणाने केलेली खोटी सही अर्ज बाद करते, आणि वर संशयही येतो.

खर्चाचं अंदाजपत्रक

मुख्यमंत्री निधीच्या अर्जाला डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं अंदाजपत्रक लागतं. खासगी रुग्णालयाचं असेल तर ते जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. जिल्हा रुग्णालयात ती सही मिळण्याची ठरलेली वेळ असते, आधी फोनवर विचारून जा.

त्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय काउंटर सोडू नका. 'डोकेदुखी, तपासणी सुरू' असं निदान असेल तर कुणीही मदत मंजूर करणार नाही. मेंदूतला रक्तस्राव, ॲन्युरिझम फुटलेला की न फुटलेला, कुठल्या धमनीवर, आणि कुठली शस्त्रक्रिया, एवढं हवं. किती कॉइल लागतील आणि त्यांतल्या किती योजनेच्या पॅकेजमध्ये, म्हणजे त्या उपचारासाठी ठरलेल्या रकमेत, धरल्या आहेत ते विचारा, कारण पॅकेजबाहेरच्या कॉइलचा खर्च ऐनवेळी समोर येतो. आणि आयसीयूचे दिवस. बहुतेक अंदाजपत्रकांत ऑपरेशन आणि चारपाच दिवस धरलेले असतात. डॉक्टरांना विनंती करा की निमोडिपीनसह पुढचा मुक्काम धरून आकडा द्या.

बाकी कागद नेहमीचे: विहित नमुन्यातला अर्ज, रुग्णाचं आधार, महाराष्ट्राचं रेशनकार्ड, सीटी आणि अँजिओग्राफीचे रिपोर्ट. रुग्ण दाखल असेल तर त्याचा जिओ टॅग असलेला फोटो लागतो, म्हणजे ज्यावर ठिकाण आणि वेळ उमटते असा. त्याचं मोफत ॲप मिळतं. आयसीयूत फोटो काढू देत नाहीत, म्हणून सिस्टरांना आधी कारण सांगून परवानगी घ्या. सगळं स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये पाठवा. मोबाइलवर तिरके काढलेले, अंधुक फोटो हे अर्ज मागे पडण्याचं फार साधं आणि फार वाईट कारण आहे.

नातेवाईक परदेशात असले की ते अमेरिकेतल्या ब्रेन ॲन्युरिझम फाउंडेशनचा पत्ता पाठवतात. मॅसॅच्युसेट्समधली ही संस्था १९९४ पासून जनजागृती, संशोधनासाठी अनुदान आणि वाचलेल्यांचे आधारगट हे मोलाचं काम करते, सप्टेंबर हा जागृतीचा महिना पाळते. आजार समजून घ्यायला तिची माहिती जरूर वाचा, पण इथल्या बिलासाठी अर्ज करण्यात दिवस घालवू नका.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या वेळी क्लिप किंवा कॉइलचा स्टिकर लावलेला कागद मागून घ्या. पुढे कधीही एमआरआय करायचा झाला तर आत कुठल्या धातूची, कुठल्या बनावटीची वस्तू आहे हे तिथे विचारतात, जुन्या काही क्लिपा त्या यंत्रात धोक्याच्या ठरतात. घरातल्या दोघा सख्ख्या नात्यातल्यांना हा आजार झाला असेल, किंवा कुणाला मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक विकार असेल, तर बाकीच्यांनी तपासणीबद्दल न्यूरो डॉक्टरांना विचारावं. तंबाखू आणि सिगारेट सगळ्यांनीच थांबवावी.

कॉइलिंग झालेल्यांना काही महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफीसाठी बोलावतात. त्या भरतीची मंजुरी पहिल्या मंजुरीत धरलेली नसते. आरोग्यमित्राकडे नव्याने नोंद करावी लागते, आणि मध्ये ३१ मार्च येऊन गेला असेल तर दाखलाही नवा. तारीख मिळाली की त्याच आठवड्यात सेतूत अर्ज टाका.