एन्क्रिप्शन आणि कलम १३२: गोपनीयतेच्या दोन वेगळ्या गोष्टी

"साहेब, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, ते कुणी वाचू शकत नाही." अशील असं म्हणतो तेव्हा समजू शकतं. पण वकीलही तेच म्हणू लागले आहेत, आणि याचा मला मनापासून त्रास होतो.

एन्क्रिप्शन काय करतं हे बहुतेकांना माहीत असतं. संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाही, कंपनीलाही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून ही सोय आहे. त्याचं काम तेवढंच.

भारतीय साक्ष्य अधिनियमाचं, म्हणजे कोर्टातल्या पुराव्याच्या कायद्याचं, कलम १३२ (जुन्या पुरावा कायद्यातलं १२६) वेगळ्याच प्रश्नाबद्दल आहे: वकिलाला तोंड उघडायला लावता येतं का? अशिलाची स्पष्ट संमती नसेल, तर वकिलीच्या कामासाठी झालेलं बोलणं आणि दिलेला सल्ला वकिलाला उघड करता येत नाही. काम संपल्यावरही नाही. त्याचे कारकून, कर्मचारी आणि दुभाषे यांच्यावरही हेच बंधन आहे. माध्यमाची अट कुठेच नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात हळू आवाजात सांगितलेली गोष्टही या संरक्षणात येते.

घोळ होतो तो इथे. जमिनीच्या वादातला तोच मजकूर तुम्ही वकिलाला पाठवला आणि मेहुण्यालाही. एन्क्रिप्शन दोन्हीकडे सारखंच, पण मेहुण्याला साक्षीला बोलावलं तर त्याला सांगावं लागेल. उलट, पोलिसांनी तुमचा फोन उघडला तर एन्क्रिप्शन संपलं, तरी तुम्ही स्वतः साक्षीदार म्हणून उभे राहिला नाहीत तोवर वकिलाशी झालेलं गोपनीय बोलणं कोर्टात सांगायची सक्ती तुमच्यावर होत नाही. ते कलम १३४ मध्ये आहे. 'खोटी पावती कशी तयार करू?' असं वकिलाला विचारलंत, तर बेकायदा हेतूसाठीच्या त्या संदेशाला कायद्याचं संरक्षण मुळीच नाही, एन्क्रिप्शन कितीही पक्कं असो. आणि जुन्या खरेदीखताचा फोटो वकिलाला पाठवला म्हणून ते खरेदीखत गोपनीय होत नाही. ही समजूत तर शिकल्या-सवरल्यांतही घट्ट बसलेली आहे.

मग वकिलाचा स्वतःचा लॅपटॉप, फोन? तपास अधिकाऱ्यांनी वकिलांना समन्स काढण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ ला यावर निकाल दिला. असं उपकरण तपास अधिकाऱ्याच्या हाती द्यायचं नाही, न्यायालयासमोर हजर करायचं. पक्षकाराला नोटीस द्यायची, हरकती ऐकायच्या. उघडायचंच ठरलं तर पक्षकार आणि वकील यांच्यासमोर, आणि बाकीच्या अशिलांची माहिती उघडी पडणार नाही अशा बेताने. हे संरक्षण कोणत्याही पासवर्डने मिळालं नसतं.

मात्र कायद्याचं संरक्षण आहे म्हणून वकिलाने निष्काळजी राहायचं, हेही मला मान्य नाही. वकिलांच्या आचरणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम या बंधनाचा भंग 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष' दोन्ही प्रकारे करू नये असं सांगतो, आणि फोनवर जे होतं ते बहुतेक अप्रत्यक्षच असतं. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर उघडं राहिलेलं व्हॉट्सअ‍ॅप वेब. क्लाउडवरचा बॅकअप, ज्याचं एन्क्रिप्शन वेगळं सुरू करावं लागतं हे अनेकांच्या गावीही नसतं. आणि काका, मामा, भाच्यांसकट 'आपली केस' नावाचा ग्रुप. अशा ग्रुपमध्ये वकिलाने सल्ला लिहूच नये, या मताचा मी आहे. अशिलाला एकट्याला फोन करावा.

सर्वांत जास्त चिंता मला एआय चॅटबॉटची वाटते. अशिलाची हकिगत सार्वजनिक चॅटबॉटमध्ये चिकटवून 'मसुदा करून दे' म्हटलं, की वरच्या दोन्ही आधारांपैकी एकही भरवशाचा राहत नाही. उत्तर द्यायचं तर कंपनीच्या सर्व्हरला मजकूर वाचावाच लागतो, म्हणजे दोन टोकांमधलं एन्क्रिप्शन नाही. आणि तो चॅटबॉट तुमचा कारकूनही नाही आणि दुभाषाही नाही. नाव काढून टाकलं की झालं, असं म्हणणाऱ्यांनी सातबाऱ्यावरचा गट नंबर आणि गाव तसंच राहिलंय का ते पाहावं. तालुक्यातल्या कुणालाही माणूस ओळखायला तेवढं पुरतं. मसुद्याला मदत हवीच असेल तर कायद्याचा मुद्दा विचारा, अशिलाची हकिगत घालू नका.