वारा, नायट्रेट आणि प्लँक्टन : ही मॉडेलं आली कुठून?

बडोदा शहराला समुद्र नाही पण बडोदा संस्थानाला होता. द्वारकेजवळचं ओखामंडळ गायकवाडांचं, आणि सयाजीराव महाराजांच्या काळात दरबारने जेम्स हॉर्नेलकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करून घेतली, १९०९ मध्ये अहवालाचा पहिला भाग छापून आला. हे इथल्या मराठी मुलांना शाळेत सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण ती पाहणी म्हणजे काय काय सापडतं त्याची नोंद, समुद्रातलं प्लँक्टन, म्हणजे पाण्यासोबत वाहणारे बहुतेक सूक्ष्म जीव, कधी किती वाढेल याचं गणित, म्हणजेच मॉडेल, यायला अजून वेळ होता.

त्या गणितातला वाऱ्याचा भाग मात्र १९०५ मध्येच स्वीडनच्या एकमन या समुद्रशास्त्रज्ञाने मांडला होता. वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात उजवीकडे सरकतं. केरळचंच बघा ना, पावसाळ्यात वारा किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे जातो, त्याची उजवी बाजू म्हणजे पश्चिम, मग वरचं पाणी किनारा सोडून खोल समुद्राकडे निघतं आणि त्याच्या जागी खालचं थंड, नायट्रेटने (वनस्पतींच्या खताने) भरलेलं पाणी वर येतं. हेच अपवेलिंग. डायटम, म्हणजे प्लँक्टनमधली एकपेशीय शैवालं, भराभर वाढतात, त्यावर तारली पोसते.

वनस्पती-प्लँक्टनच्या वाढीचं गणित अमेरिकेच्या गॉर्डन रायलीने १९४६ मध्ये जॉर्जेस बँक या तिथल्या पूर्वेकडच्या उथळ समुद्रासाठी केलं. प्रकाशसंश्लेषणाने जेवढं वाढलं त्यातून श्वसनात गेलेलं वजा, झूप्लँक्टनने (प्राणी-प्लँक्टनने) खाल्लेलं वजा. बस एवढंच, आणि वर्षभराचा चढउतार मोजलेल्या आकड्यांशी बराच जुळला! माझ्या मते या विषयातलं सगळ्यात धाडसाचं काम हेच.

पण रायलीच्या मॉडेलमध्ये पाणी जागच्या जागी होतं, अपवेलिंगमध्ये तर ते सतत वाहतं, वाढलेलं प्लँक्टनही सोबत घेऊन जातं. ही अडचण १९७० च्या दशकात सुटायला लागली, पेरूसाठी वॉल्शने आणि अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यासाठी १९७७ मध्ये व्रोब्लेव्स्कीने प्रवाह आणि जीव एकाच मॉडेलमध्ये आणले. त्याच दशकात, एल निनो (पॅसिफिकचं पाणी तापणं) आणि बेसुमार मासेमारीमुळे, पेरूची अँकोव्हेटा ही छोट्या माशांची मासेमारी कोसळली होती त्यामुळे हा विषय फक्त अभ्यासकांचा राहिला नाही. १९९० मध्ये फॅशमच्या मॉडेलमध्ये बॅक्टेरिया, अमोनियम वगैरे धरून सात कप्पे, म्हणजे वेगवेगळे मोजायचे घटक, झाले.

आपल्याकडे १९९९ मध्ये ओशनसॅट-१ हा उपग्रह गेल्यावर समुद्राच्या रंगावरून क्लोरोफिल, म्हणजे वनस्पती-प्लँक्टनमधलं हिरवं द्रव्य, मोजता यायला लागलं, मॉडेल ताडून बघायची मोठीच सोय झाली. फक्त केरळचं अपवेलिंग ऐन पावसाळ्यातलं, तेव्हा वर ढगच ढग, सॅटेलाइटला खालचं दिसत नाही, त्यामुळे बोटीवरून पाण्याचे नमुने घेणं अजून सुटलेलं नाही.