उस्निया की स्पॅनिश मॉस? झाडावरून लोंबणाऱ्या दोन जटांमधला फरक

फांद्यांवरून राखाडी-हिरव्या जटा लोंबताना दिसल्या की कुणी त्यांना उस्निया म्हणतं, कुणी स्पॅनिश मॉस. फोटोंखाली ही नावं सर्रास अदलाबदल होऊन येतात, आणि रोपं किंवा सुकी औषधी वनस्पती विकणाऱ्यांच्या वर्णनांतही हाच घोळ सापडतो. घोळ फक्त नावाचा असता तर सोडून देता आला असता. पण यातलं एक, म्हणजे स्पॅनिश मॉस, टांगून ठेवलं की वाढतं, फुलतं, आणि त्याची बट तोडून दुसरीकडे लावली तरी तगतं. दुसरं, म्हणजे उस्निया हे बुरशी आणि शेवाळ मिळून बनलेलं लायकेन, घरात आणलं की हळूहळू मरतं, आणि जंगलात त्याची मूठभर जटा ओरबाडली तर ती भरून यायला वर्षानुवर्षं जातात. म्हणून हात लावण्याआधी समोर काय आहे ते ओळखायला हवं.

सगळ्यात भरवशाची खूण बोटांनीच तपासता येते. खाली पडलेला एखादा तंतू घ्या, थोडा ओला करा आणि दोन्ही टोकं धरून अगदी हलक्या हाताने ताणा. उस्निया असेल तर वरची राखाडी-हिरवी साल जागोजागी आडवी तडकते, तिचे ओवलेल्या मण्यांसारखे तुकडे होतात, आणि दोन तुकड्यांच्या मधून पांढरा दोरा दिसू लागतो. हा दोरा लवचीक असतो. ताण सोडला की थोडा आखडतो. स्पॅनिश मॉस ताणलं तर असं काहीच होत नाही. नखाने त्याची साल खरवडली तर आतून काळा, चिवट धागा निघतो. पांढरा आणि ताणणारा, की काळा आणि न ताणणारा, एवढ्यावर बहुतेक वेळा निकाल लागतो.

भिंग हाताशी असेल तर आणखी बरंच दिसतं. स्पॅनिश मॉसची जटा म्हणजे एकापुढे एक जोडलेली बारीक खोडं आणि त्यांना फुटलेली दोन ते सहा सेंटिमीटर लांबीची, जेमतेम मिलिमीटरभर रुंद, वळलेली पानं. त्या पानांवर चंदेरी खवले दाटीने बसलेले असतात. उस्नियाला पान नाही, खोड नाही, मूळही नाही. नुसत्या गोल फांद्या आणि त्यांना फुटलेल्या उपफांद्या. अनेक जातींत सालीवर बारीक फोड किंवा पिठासारखे ठिपके. ते पीठ म्हणजे पुढच्या पिढीची तयारी. बुरशीचे थोडे तंतू आणि शेवाळाच्या थोड्या पेशी एकत्र बांधलेली ती पुडी असते, आणि ती वाऱ्यावर किंवा पावसाच्या थेंबाबरोबर दुसऱ्या फांदीवर जाते.

मुळात उस्निया हे एक लायकेन आहे, दगडफुलाच्याच कुळातलं. लायकेन म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा भागीदारीचा संसार, असं स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ साली मांडलं, तेव्हा त्या काळच्या अनेक लायकेन-अभ्यासकांना ते अजिबात पटलं नव्हतं. उस्नियात घर बुरशीचं: बाहेरची साल तिची, मधला पांढरा दोराही तिचाच. या दोहोंच्या मधल्या थरात ट्रेबॉक्सिया नावाचं एकपेशीय हिरवं शेवाळ राहतं आणि उन्हातून साखर तयार करतं. पाणी साठवायची सोय इथे जवळपास नाहीच. हवा कोरडी झाली की उस्निया कडकडीत वाळतं आणि त्याचं सगळं काम थांबतं. धुकं आलं, दव पडलं की काही मिनिटांत पुन्हा सुरू होतं.

स्पॅनिश मॉस हे नावापुरतंच मॉस. शास्त्रीय नाव टिलँड्सिया उस्निऑइडिस, आणि कुळ अननसाचं. ही सपुष्प वनस्पती आहे. हिला सेंटिमीटरभराची, पिवळट हिरवी, तीन पाकळ्यांची फुलं येतात आणि संध्याकाळनंतर त्यांना मंद वास सुटतो. बियांना केसांचा झुपका असतो, त्यावर त्या उडतात. मुळं फक्त बीपासून उगवलेल्या कोवळ्या रोपाला असतात, नंतर तीही राहत नाहीत. मग पाणी येतं कुठून? मघाशी भिंगातून पाहिलेल्या चंदेरी खवल्यांतून. पाऊस पडला की खवले भिजून पारदर्शक होतात, पाणी आत ओढून घेतात, आणि करडी जटा हिरवट दिसू लागते. शिवाय ही वनस्पती दिवसा पानांवरची रंध्रं मिटून ठेवते आणि कार्बन डायऑक्साइड रात्री घेते, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही.

इथेच एक फसवी खूण सांगितली पाहिजे. ‘ओलं केल्यावर हिरवं झालं म्हणजे लायकेन’ असं लिहिलेलं वाचायला मिळतं. ते चूक आहे. भिजल्यावर दोन्हींचा रंग हिरव्याकडे जातो. खोडाला चिकटलेलं आहे की नुसतं लोंबतंय, हीसुद्धा पक्की खूण नाही. बहुतेक उस्निया एका बुडख्याने सालीला घट्ट धरून असतात हे खरं, पण उस्निया लाँगिसिमा ही सर्वांत लांब वाढणारी जात फांद्यांवर तशीच टाकल्यासारखी पसरते. तिची लांबी तीन मीटरच्या वर जाऊ शकते आणि लांबून ती हुबेहूब स्पॅनिश मॉस वाटते. अलेक्टोरिया हे तिसरं, लोंबतं, हिरवट लायकेनही दिसायला तसंच. पण त्यात मधला लवचीक दोरा नसतो. म्हणून फोटोवरून ठाम नाव सांगायला मी कचरतो. ताणून पाहणं ते ताणून पाहणंच.

जागेवरून मात्र अंदाज पुष्कळ बांधता येतो. स्पॅनिश मॉस मूळचं अमेरिका खंडांतलं: अमेरिकेच्या आग्नेय राज्यांपासून दक्षिणेला अर्जेंटिनापर्यंत. हिमालयात किंवा युरोपातल्या जंगलात देवदार-स्प्रूसवर लोंबणारी जटा दिसली तर ती स्पॅनिश मॉस नव्हे. उस्नियाच्या शेकडो जाती जवळपास सगळ्या खंडांवर आहेत, पण त्यांना ओल आणि स्वच्छ हवा लागते. हवेतल्या सल्फर डायऑक्साइडने लांब जटांचं उस्निया फार लवकर मरतं. लायकेनचे अभ्यासक हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी १९७० साली इंग्लंड-वेल्ससाठी झाडांवरच्या लायकेनवरून हवेची प्रत ठरवणारी मोजपट्टी मांडली. तिच्यात लोंबतं उस्निया स्वच्छ हवेच्या टोकाला येतं. स्पॅनिश मॉसही हवेचा साक्षीदार म्हणून वापरतात, पण वेगळ्या रीतीने. ते प्रदूषण बऱ्यापैकी सोसतं आणि जड धातू अंगात साठवतं. त्यामुळे ब्राझीलमधल्या साव पावलोसारख्या शहरात त्याच्या बटा टांगून काही काळाने त्यांतले धातू मोजले गेले आहेत. एकाची गैरहजेरी बोलते, दुसऱ्याचं शरीर.

उत्तर अमेरिकेतला नॉर्दर्न पारुला हा चिमुकला पक्षी दोघांनाही सारखंच मानतो. उत्तरेकडे तो उस्नियाच्या जटेत घरटं करतो, दक्षिणेकडे स्पॅनिश मॉसच्या. लोंबतं, मऊ आणि दाट, एवढंच त्याला हवं असतं.

आता ज्या झाडावर ही लोंबतात, त्याला काही धोका? दोन्हींपैकी एकही परजीवी नाही. दोघंही झाडाचा रस घेत नाहीत. वठत चाललेल्या झाडावर उस्निया जास्त दिसतं, कारण पानं गळून फांद्यांवर उजेड पोचलेला असतो. झाड त्याच्यामुळे वठत नाही. स्पॅनिश मॉसचं ओझं फार झालं तर पानांवर सावली पडते आणि वादळात ओली फांदी मोडू शकते, तेवढं खरं.

उपयोगांच्या बाबतीत दोघांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत, आणि इथला घोळ सर्वांत महाग पडू शकतो. उस्नियाच्या सालीत उस्निक आम्ल असतं; त्याचा पिवळट हिरवा रंगही त्याचाच. स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस अशा ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंची वाढ ते रोखतं, म्हणून जखमेवर उस्निया लावण्याची रीत जुनी आहे आणि काही मलमांत, दुर्गंधीनाशकांत हे आम्ल घातलं जातं. पण पोटात घेणं ही निराळी गोष्ट. हे आम्ल पेशींमधल्या ऊर्जा तयार करण्याच्या साखळीत खोडा घालतं: इंधन जळतं, पण कामाची ऊर्जा बनत नाही. याच गुणामुळे ते वजन उतरवण्याच्या गोळ्यांमध्ये घातलं गेलं. यकृताला गंभीर इजा झाल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २००१ मध्ये अशा एका उत्पादनाविरुद्ध इशारा दिला. त्या गोळीत इतर घटकही होते, तरी उस्निक आम्लावरचा संशय पुढे बळकटच होत गेला. ‘जंगलातलं आहे, नैसर्गिक आहे’ या भरवशावर उस्नियाचा काढा किंवा अर्क पिऊ नये, असं मी अगदी स्पष्ट सांगेन. स्पॅनिश मॉसमध्ये उस्निक आम्ल नाहीच. उस्निया समजून ते जखमेवर बांधलं तर हाती काही लागणार नाही.

स्पॅनिश मॉसची किंमत होती त्याच्या काळ्या धाग्याला. जटा पाण्यात किंवा ओल्या ढिगात कुजवायच्या, वरची साल गळून पडली की उरलेला धागा वाळवून पिंजायचा. फ्लोरिडा आणि लुइझियानात यासाठी गिरण्या होत्या, आणि तो धागा घोड्याच्या केसांऐवजी गाद्या, खुर्च्या, मोटारींच्या बैठका भरायला वापरत. कृत्रिम फोम आल्यावर धंदा बसला. लुइझियानातल्या जुन्या घरांच्या भिंतींत मातीत कालवलेलं स्पॅनिश मॉस आजही सापडतं.

लागवड हवी असेल तर स्पॅनिश मॉसच आणा. पातळ बटा करून टांगा. गच्च गुंडा करून ठेवला तर आतला भाग कुजतो, आणि घरात मरणाऱ्या स्पॅनिश मॉसचं बहुधा हेच कारण असतं. उजेड भरपूर पण थेट दुपारचं ऊन नको. आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण भिजवा, हवा कोरडी असेल तर जास्त वेळा, आणि काही तासांत सुकेल एवढा वारा खेळू द्या. पावसाचं किंवा कमी क्षारांचं पाणी उत्तम. खत द्यायचंच असेल तर अगदी पातळ करून पाण्याबरोबर फवारा. तांब्याच्या तारेने मात्र कधीही बांधू नका. या कुळाला तांबं विषासारखं आहे. रंग बराच काळ ओला-हिरवा राहिला तर पाणी जास्त होतंय, टोकं तपकिरी आणि कडक झाली तर कमी पडतंय. जटा वाढली की तोडून दुसरीकडे टांगा, तीच नवी रोपं.

उस्नियाची शेती होत नाही. प्रयोगशाळेत बुरशी आणि शेवाळ वेगवेगळे वाढवता येतात, पण शेवाळाशिवाय त्या बुरशीला जटेचा आकार येत नाही, आणि दोघांना पुन्हा एकत्र आणून जंगलासारखी जटा घडवणं हे अतिशय सावकाश आणि बेभरवशाचं काम आहे. बाजारातलं उस्निया जंगलातून गोळा केलेलं असतं. बहुतेक जाती वर्षाकाठी मिलिमीटरांत वाढतात, लांब जाती चांगल्या जागी काही सेंटिमीटर. दुसरीकडे चीनच्या युन्नान प्रांतातली नकट्या नाकाची माकडं आणि हिमालयातली कस्तुरी मृगं हिवाळ्यात अशाच लायकेनवर गुजराण करतात. उस्निया लाँगिसिमा युरोपच्या मोठ्या भागातून जुन्या जंगलांच्या तोडीमुळे आणि दूषित हवेमुळे नाहीशी झाली आहे. त्यामुळे सजावटीसाठी उस्निया विकत घेणं मला पटत नाही.

अभ्यासासाठी हवंच असेल तर वादळानंतर जमिनीवर पडलेलं उचला. संरक्षणाच्या प्रयोगांत उस्नियाच्या तुटलेल्या बटा योग्य जंगलातल्या फांद्यांवर टांगल्या जातात आणि त्यांतल्या काही पुढे वाढतात. तेव्हा पाहून झालं की ती बट त्याच जंगलात, उजेड आणि ओल दोन्ही मिळेल अशा खालच्या फांदीवर अडकवून द्या. जमिनीवर ती पालापाचोळ्याखाली कुजून जाईल.