खांद्यावरचा धक्का कानावर: मझल ब्रेकची पार्श्वभूमी

बंदुकीच्या नळीच्या टोकाला आट्यांवर बसणारा, बाजूंना खाचा असलेला आणि मागचा धक्का कमी करणारा बोटभर पोलादी तुकडा म्हणजे मझल ब्रेक. त्याची कल्पना मुळात शिकाऱ्यांची नाही, तोफखान्याची. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच तोफखान्यातील अधिकारी त्र्युई द बोलियू यांनी तोफेच्या नळीला तिरकी भोके पाडून मागचा धक्का कमी करण्याचे प्रयोग केले. १९२० च्या दशकात अमेरिकी मरीन अधिकारी रिचर्ड कट्स यांचा कॉम्पेन्सेटर, म्हणजे नळीचं टोक उसळू न देणारा तसाच जोड, आला. १९२८ च्या थॉम्पसन सबमशीनगनवर तो दिसतोच. पुढे लायमन कंपनीने तो शॉटगनसाठीही विकला.

शिकारी रायफलींना मात्र त्याची निकड भासली ती काडतुसातली बंदुकीची दारू वाढल्यावर. १९५०च्या दशकात रॉय वेदरबी यांनी .३७८ आणि .४६० मॅग्नम काडतुसे काढली. .४६० चा धक्का .३०-०६ या नेहमीच्या शिकारी काडतुसाच्या चार-पाच पट. एवढा मार खाऊन नेम धरणारे खांदे थोडेच, म्हणून या रायफलींवर पेंडलटन डीकिकर नावाचा ब्रेक बसू लागला.

ब्रेक निवडताना हमखास चुकणारा मुद्दा इथेच आहे. ब्रेक गोळीचा धक्का अडवत नाही. गोळीमागून सुटणारा वायू फक्त बाजूला आणि थोडा मागे वळवतो. .३०० विन्चेस्टर मॅग्नममध्ये पावणेबारा ग्रॅमच्या गोळीमागे पाचेक ग्रॅम दारू असते, म्हणजे वळवायला वायू भरपूर. .४५-७० या जड गोळीच्या काडतुसात २६ ग्रॅमच्या गोळीमागे जेमतेम तीन ग्रॅम. तोच ब्रेक तिथे निम्माही कामाचा नाही. अशा रायफलीला वजन आणि चांगला रबरी पॅड जास्त उपयोगी, असं माझं मत.

बसवण्याचं काम लेथवरचं आणि नाजूक. आटे नळीच्या बाहेरच्या अंगाला नव्हे, आतल्या छिद्राला समकेंद्री हवेत. ब्रेकचं भोक गोळीपेक्षा अर्धा मिलिमीटरच मोठं असतं. आटे जरा तिरपे पडले की गोळी आतल्या भिंतीला घासते, नेमाचा बट्ट्याबोळ होतो आणि ब्रेकही फुटू शकतो.

किंमत मोजतात ते कान. उघड्या नळीचाच आवाज १६० डेसिबलच्या घरात. ब्रेक तो मागे, नेमबाजाकडे आणि शेजारी उभ्या माग काढणाऱ्याकडे फेकतो. आफ्रिकेतले अनेक व्यावसायिक शिकारी ब्रेकवाल्या ग्राहकाला नाक मुरडतात ते यामुळेच.

गंमत म्हणजे दुसरा उपाय जुनाच होता. धक्क्याच्या जोरावर मशीनगन चालवणाऱ्या हायरम मॅक्सिम यांच्याच मुलाने १९०९ मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतलं. सायलेन्सर वायू आतच कोंडून हळूहळू सोडतो, त्यामुळे आवाजाबरोबर धक्काही घटतो. पण अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने त्यावर २०० डॉलर कर बसला आणि तिथली वाट अरुंद झाली. फिनलंड-नॉर्वेत तो शिकारीचं साधं सामान ठरला. जर्मनीने शिकाऱ्यांसाठी २०२० मध्ये नियम सैल केले. आता बऱ्याच नव्या रायफली कारखान्यातूनच आटे पाडून येतात. त्या आट्यांवर ब्रेकही चढतो आणि सायलेन्सरही.