उपद्रवी वन्यप्राण्यांची शिकार (भारतातील राजकीय वाद)

पिकांची नासाडी करणाऱ्या वन्यप्राण्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांना सरकारी परवानगीने ठार मारावे की नाही, याविषयी भारतात केंद्र सरकार, राज्य सरकारे, शेतकरी आणि प्राणिहक्क कार्यकर्ते यांच्यात चाललेला वाद. हौशी शिकार 1991 च्या दुरुस्तीपासून पूर्णपणे बंद असली, तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये दोन वाटा मोकळ्या आहेत. उभ्या पिकाला धोका ठरलेल्या विशिष्ट प्राण्याला मारण्याची परवानगी कलम 11 नुसार राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी कारणे नोंदवून देऊ शकतो. कलम 62 नुसार मात्र केंद्र सरकार एखादी प्रजातीच ठरावीक प्रदेशापुरती आणि मुदतीपुरती ‘उपद्रवी’ घोषित करते, आणि तेवढ्या काळापुरते तिचे कायदेशीर संरक्षण संपते.

वादाची खरी गाठ या अधिकारविभागणीत आहे. शेती हा राज्यसूचीतील विषय आहे, तर वन्यप्राणी 42 व्या घटनादुरुस्तीने (1976) समवर्ती सूचीत गेले. त्यामुळे नुकसानभरपाई आणि शेतकऱ्यांचा रोष राज्याच्या वाट्याला येतो, पण प्रजाती उपद्रवी ठरवणारी सही दिल्लीत होते.

बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांच्याबाबत केंद्राने 2015-16 मध्ये अशा अधिसूचना काढल्या. जून 2016 मध्ये बिहारमधील मोकामा परिसरात हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या, तेव्हा केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण मंत्रालयावर उघड टीका केली. पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी परवानगी राज्यांच्या मागणीवरून आणि जुन्याच कायद्यानुसार दिल्याचे उत्तर दिले. एकाच मंत्रिमंडळातील दोघांचा हा जाहीर खटका वादाचे स्वरूप नेमके दाखवतो: मारण्याची जबाबदारी कोणालाच स्वतःकडे नको होती. अधिसूचनांना स्थगिती देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. हिमाचलमध्ये परवानगी असूनही माकडे मारायला फारसे कोणी पुढे आले नाही, कारण तेथे श्रद्धा आड आली. केरळची रानडुकरांबाबतची मागणी केंद्राने मान्य केली नाही, म्हणून त्या राज्याने 2022 मध्ये कलम 11 चाच आधार घेऊन स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना आदेश देण्याचे अधिकार दिले.

विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप भूतदयेचा नसून मोजणीचा आहे. किती प्राणी आहेत आणि किती मारल्याने पीक वाचेल, याची विश्वसनीय आकडेवारी नसताना केलेली शिकार हे व्यवस्थापन ठरत नाही.

महाराष्ट्रात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांच्यासाठी कलम 11 चीच वाट वापरली जाते. विदर्भात हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या शेतावर मचाण बांधून रात्रभर जागल करणाऱ्या शेतकऱ्याकडे बहुधा बंदुकीचा परवाना नसतो. त्यामुळे परवानगी मिळूनही तिचा उपयोग होत नाही, आणि काही जण कुंपणात चोरून वीजप्रवाह सोडतात. अशा तारांना चिकटून विदर्भात वाघही मेले आहेत.