लोणावळ्याचं जहाज आणि डाव्या-उजव्याचा घोळ

लोणावळ्याला समुद्र नाही. तरी तिथे १९४५ पासून एक जहाज उभं आहे. नौदलाचे अभियंते आणि तंत्रज्ञ जिथे तयार होतात त्या केंद्राचं नाव 'आयएनएस शिवाजी', आणि आयएनएस म्हणजे 'इंडियन नेव्हल शिप'. फाटकाबाहेर चिक्की आणायला निघालेला नाविकही नौदलाच्या बोलीत 'अशोर' जातो, म्हणजे किनाऱ्यावर उतरतो. जमिनीवरून जमिनीवर!

ही कसरत ब्रिटिश आरमाराकडून आलेली. तिकडे आरमारी शिस्तीचा कायदा लागू व्हायला माणसाचं नाव कुठल्या तरी जहाजाच्या पटावर असावं लागे. मग बराकींनाच जहाज म्हणायचं ठरलं. या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाजवळचा एक उंच सुळका, डायमंड रॉक. १८०४ च्या जानेवारीत ब्रिटिशांनी त्यावर तोफा चढवल्या आणि कागदोपत्री त्याला युद्धनौका करून टाकलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये फ्रेंचांनी तो परत घेतला, तेव्हा तिथल्या प्रमुखावर 'जहाज गमावल्याबद्दल' रीतसर खटला चालला. तो सुटला. जहाज बुडालेलं नाही, जागचं हललंही नाही, ही गोष्ट त्याच्या बाजूची धरली की विरुद्ध, कोण जाणे.

आरमारी शब्दांचा काटेकोरपणा असा हास्यास्पद वाटतो खरा, पण बहुतेक ठिकाणी त्याच्या मागे कुणाचं तरी डोकं आपटलेलं असतं. घरात कपाट सरकवताना होणारा संवाद आठवा. "डावीकडे घे." "तुझ्या डावीकडे की माझ्या?" तोवर कपाट पायावर. जहाजावर माणसं चारी दिशांना तोंड करून उभी असतात, म्हणून तिथे डावं-उजवं माणसाचं धरत नाहीत, जहाजाचं धरतात. उजवी बाजू 'स्टारबोर्ड', कारण जुन्या काळी सुकाणूचं वल्हं त्या बाजूला असे. वल्हं सांभाळायचं म्हणून धक्क्याला दुसरी बाजू लावायची. तिचं नाव 'लारबोर्ड'. आता भर वाऱ्यात, शिडांच्या फडफडाटात 'स्टारबोर्ड' आणि 'लारबोर्ड' ओरडून बघा. शेवटी १८४४ मध्ये ब्रिटिश आरमारानं हुकूम काढून 'लारबोर्ड' बाद केलं आणि 'पोर्ट' आणलं. दोन वर्षांनी अमेरिकेनंही तेच केलं.

घोळ एवढ्यावर मिटला नाही. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की जहाज डावीकडे वळतं. हुकूम मात्र दांड्याच्या हिशेबानं दिला जाई. १९१२ मध्ये हिमनग दिसल्यावर टायटॅनिकवर 'हार्ड अ स्टारबोर्ड' असा हुकूम सुटला आणि जहाज डावीकडे वळलं. चूक कुणाची नव्हती. तेव्हाची भाषाच तशी होती. दांडा जाऊन चाक आलं, वाफेची इंजिनं आली, तरी हुकूम दांड्याचेच राहिले. ब्रिटिश जहाजांवर ते १९३३ मध्ये सुलटे झाले.

इंग्रजी नौदलातल्या 'आय आय' (aye aye) या उत्तराचीही अशीच गोष्ट. वरिष्ठानं प्रश्न विचारला तर 'येस' चालतं. हुकूम दिला तर 'आय आय' म्हणायचं. म्हणजे कळलं, आणि आता करतो. आपल्या 'हो'मध्ये हे दोन्ही नसतं. "कचरा टाकून आलास का?" "हो." या 'हो'चा अर्थ फक्त 'ऐकू आलं' एवढाच असू शकतो, हे कुठलीही आई सांगेल.

कधी शब्द अर्थापायी नाही, तर झेंड्यांपायी बदलला. २१ ऑक्टोबर १८०५, ट्रफाल्गरची आरमारी लढाई. ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याला आपल्या जहाजांना निशाणांनी कळवायचं होतं की प्रत्येक जण कर्तव्य करील असा इंग्लंडला विश्वास आहे. निशाणांचं काम बघणारा पास्को म्हणाला, 'विश्वास आहे'चा शब्द संकेतकोशात नाही, अक्षरं एकेक लावावी लागतील. 'अपेक्षा आहे' चालेल का? चाललं. 'कर्तव्य' मात्र अक्षर अक्षर लावावं लागलंच. विश्वासाची जागा अपेक्षेनं घेतली, ती कोशात सापडली म्हणून.

अमेरिकी सैन्यात एक जुना विनोद आहे: 'इमारत सिक्युअर करा' म्हटलं की नौदलवाले दिवे मालवून कुलूप लावतात, पायदळवाले पहारा बसवतात, मरीन, म्हणजे जहाजावरून उतरून लढणारे सैनिक, हल्ला करतात, आणि हवाईदलवाले भाडेकरार करून टाकतात. आपल्याकडे हे काम 'बंदोबस्त' एकटा करतो. लग्नघरात तो पाण्याचा असतो, गणपतीत पोलिसांचा, आणि "त्याचा बंदोबस्त कर" म्हटलं की ऐकणाऱ्यानं पळ काढावा.

आणि नारळ. भारतीय नौदलात नवं जहाज पाण्यात सोडताना स्त्रीच्या हातून नारळ फोडायची प्रथा आहे. मराठी माणूस मनातल्या मनात 'फोडला नाही, वाढवला' अशी दुरुस्ती करतो. तोच नारळ कचेरीत कुणाला 'दिला' म्हटलं, तर त्याची नोकरी गेली असं समजायचं.